लॅपटॉपमधलं ५.१ रिसीव्हरपर्यंत पोचतं का?

फाइलच्या नावात ५.१ असतं, म्हणजे आवाजाचे सहा वेगवेगळे प्रवाह (चॅनेल). लॅपटॉप रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला, जोडलेला असतो, हॉलच्या कोपऱ्यांत स्पीकर टांगलेले असतात, गाणं सुरू होतं आणि आवाजही चांगला येतो. मग कधीतरी सोफ्यामागच्या स्पीकरला कान लावल्यावर कळतं की तिथे सगळी सामसूम आहे. याहून फसवी गत म्हणजे मागूनही आवाज येतोय, पण तो समोरचाच.

ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये डॉल्बी ॲटमॉस या सराउंडच्या प्रकारातली गाणी द्यायला सुरुवात केली आणि संगीतातलं सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, पुन्हा बोलण्यात आलं. सिनेमासाठी घेतलेल्या होम थिएटरवर गाणीही तशीच ऐकावीत असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की संगणकापासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर काही बिनसलं तर सहसा कुणी तक्रारच करत नाही. प्लेयर, विंडोज, टीव्ही, रिसीव्हर, सगळे भलतेच समजूतदार. सहा चॅनेल जमत नसतील तर ते गुपचूप दोन करतात आणि वाजवून मोकळे होतात. त्यामुळे ‘आवाज येतोय का’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. सहाचे दोन कुठे झाले, हे शोधायचं असतं.

फाइलमध्ये काय असतं

स्टिरिओ फाइलमध्ये आवाजाचे दोन स्वतंत्र प्रवाह असतात, डावा आणि उजवा. अशा प्रत्येक प्रवाहाला चॅनेल म्हणायचं. ५.१ मध्ये ते सहा असतात: समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, श्रोत्याच्या बाजूला थोडे मागे असलेले दोन सराउंड, आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खालच्या दणक्यासाठी राखलेला सहावा. हा सहावा साधारण १२० हर्ट्झच्या वर जातच नाही, म्हणून त्याला पूर्ण चॅनेल न मोजता ‘.१’ म्हणतात.

हे सहा प्रवाह कच्च्या आकड्यांच्या रूपात ठेवले तर त्याला पीसीएम म्हणतात. सीडीवर हेच असतं, फक्त दोन चॅनेलचं. आता जरा हिशोब करू. सेकंदाला आवाजाच्या ९६ हजार नोंदी, म्हणजे नमुने (यालाच ९६ किलोहर्ट्झ म्हणतात), प्रत्येक नमुना २४ बिटचा, आणि चॅनेल सहा. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १ कोटी ३८ लाख बिट होतात, म्हणजे १३.८ मेगाबिट. सीडीचं हेच प्रमाण १.४ मेगाबिट आहे. पीसीएम तसंच ठेवणाऱ्या साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला ४ जीबीची मर्यादा असते आणि या वेगाने ती साधारण ४१ मिनिटांत भरते. एक लांब सिंफनीही त्यात मावत नाही. म्हणून अशी ध्वनिमुद्रणं बहुधा फ्लॅकमध्ये मिळतात. फ्लॅक माहिती आवळून ठेवतं, पण उघडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे परत देतं, आणि एका फाइलमध्ये आठ चॅनेलपर्यंत घेतं.

अशा फाइली येतात कुठून? नॉर्वेमधलं टूएल हे लेबल आपली ध्वनिमुद्रणं ५.१ फ्लॅकमध्ये विकतं, आणि ऐकून बघण्यासाठी काही नमुने फुकट उतरवूनही देतं. तपासणीसाठी मला तेच सोयीचे वाटतात, कारण तिथे सराउंड मुळातच माइक मांडताना धरलेलं असतं. बाकी ब्लू-रे ऑडिओ आहेच. शिवाय १९९९ ची एसएसीडी आणि त्यानंतर वर्षभराने आलेली डीव्हीडी-ऑडिओ, या दोन जुन्या तबकड्यांचे संग्रह अजून लोकांकडे आहेत. एसएसीडीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात पीसीएम नसून सेकंदाला २८ लाखांवर एक-बिटी नमुने असतात. संगणकाच्या एचडीएमआयवरून (चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणाऱ्या जोडणीवरून) ते तसेच बाहेर काढायच्या फंदात पडू नये. प्लेयरला त्यांचं ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झच्या पीसीएममध्ये रूपांतर करू द्यावं. कानाला फरक जाणवत नाही आणि डोकेदुखी वाचते.

फाइल खरंच सहा चॅनेलची आहे का, हे आधी बघून घ्या. ‘फूबार २०००’ या प्लेयरमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की चॅनेलची संख्या दिसते. मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअरही तेच सांगतं. तिथेच २ दिसत असेल तर पुढची सगळी खटपट व्यर्थ.

तारेत मावतं किती

दुकानात विचारलं तर अजूनही सल्ला मिळतो, ‘ऑप्टिकल लावा, एकदम क्लिअर.’ क्लिअर असेलही, पण ऑप्टिकल केबल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या काळातली, सीडीच्या पिढीची. ती बनली दोन चॅनेलसाठी. ४८ किलोहर्ट्झला दोन चॅनेलचे २४-बिटी आकडे म्हणजे सेकंदाला २.३ मेगाबिट. सहा चॅनेलचे होतात ६.९. ते त्या जोडणीतून जात नाहीत, केबल कितीही महागडी घेतली तरी. डब्यामागचं गोल कोएक्सियल कनेक्शनही त्याच नियमाचं.

‘पण डीव्हीडी प्लेयरला ऑप्टिकल लावून मी ५.१ ऐकलंय,’ असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल असतं. ते सहा चॅनेल दाबून जास्तीत जास्त ४४८ किलोबिटमध्ये बसवतं, काही माहिती कायमची टाकून देऊन. डीटीएस हा तसाच दुसरा प्रकार थोडं जास्त घेतो, १.५ मेगाबिटपर्यंत. हे दोन्ही त्या तारेतून आरामात जातात. फ्लॅकमधून उघडलेलं सहा चॅनेलचं पीसीएम जात नाही. इतकाच फरक, पण निम्मे घोळ इथेच होतात.

ब्लूटूथवर गाणी पाठवली तर ती स्टिरिओच जातात. लाल-पांढऱ्या पिनांच्या ऑक्सचंही तेच. आपल्या बाजारात ‘५.१ होम थिएटर’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त संचांना ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम आणि ऑक्स एवढ्याच वाटा असतात. स्पीकर पाच आणि वूफर एक असतो खरा, पण आत जायला दारं दोनच. आत गेलेलं दोन चॅनेलचं गाणं तो संच सगळीकडे वाटून देतो. त्याला ५.१ म्हणणं दुकानदाराला शोभतं. काही संचांच्या मागे मात्र सहा चॅनेलसाठी तीन वेगळ्या जोड्या असतात आणि डेस्कटॉपच्या हिरव्या, काळ्या आणि नारिंगी जॅकमधून तिथे खरंच सहा चॅनेल नेता येतात. ती जुनी पद्धत चालते, फक्त नारिंगीत मधला आणि वूफर यांची अदलाबदल होते का ते बघावं लागतं.

घरी व्यवस्थित रिसीव्हर असेल तर एचडीएमआयच घ्यावं. २००२ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात आठ चॅनेलचं पीसीएम, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत, जाण्याची सोय आहे. म्हणजे ही क्षमता नवी नाही. दहा-बारा वर्षं जुना रिसीव्हरही फ्लॅकसाठी पुरतो.

डबा की ताट

होम थिएटरच्या चर्चेत ‘बिटस्ट्रीम’ आणि ‘पीसीएम’ हे दोन शब्द सतत भेटतात आणि सेटिंगमध्येही त्यांतलं एक निवडायला सांगतात.

बिटस्ट्रीम म्हणजे सीलबंद डबा. डॉल्बी किंवा डीटीएसने आवळलेला ऐवज संगणक उघडत नाही, तसाच रिसीव्हरच्या हातात देतो, आणि डबा उघडून वाढायचं काम रिसीव्हर करतो. पीसीएम म्हणजे वाढलेलं ताट. संगणकाने डबा आधीच उघडलेला असतो, सहा पदार्थ सहा वाट्यांत काढलेले असतात, रिसीव्हरने ते फक्त पोचवायचे.

चव कशात जास्त? दोन्हींत सारखीच. डॉल्बी ट्रूएचडी असो की डीटीएसचा बिनतोटा, म्हणजे काहीच माहिती न टाकणारा प्रकार, दोन्ही उघडल्यावर तेच आकडे निघतात, मग ते लॅपटॉपने काढोत की रिसीव्हरने. बिटस्ट्रीममध्ये आवाज ‘जास्त भरीव’ येतो असं पुष्कळांचं ठाम मत असतं. बहुतेक वेळा त्यामागे इतकंच असतं की रिसीव्हरने दोन प्रकारांसाठी दोन वेगळे साउंड मोड लक्षात ठेवलेले असतात.

फ्लॅकबाबत तर निवडीचा प्रश्नच येत नाही. फ्लॅकचा डबा एचडीएमआयवरून पाठवता येत नाही. ते संगणकानेच उघडायचं आणि पीसीएम म्हणून धाडायचं. म्हणून रिसीव्हरच्या समोरच्या अक्षरांच्या पट्टीवर फ्लॅक वाजताना ‘डॉल्बी’ झळकण्याची वाट बघू नका. तिथे ‘मल्टी चॅनेल इन’ किंवा ‘पीसीएम ३/२/.१’ असं काहीतरी दिसायला हवं. तीन समोर, दोन सराउंड आणि पॉइंट वन, असं ते वाचायचं. आणि डॉल्बीचं चिन्ह दिसलंच, तर वाटेत कुणीतरी मधेच हात मारला आहे असं समजा.

विंडोज मध्ये काय करतं

बहुतेक वेळा सहाचे दोन इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, एचडीएमआयचा आवाज लॅपटॉपच्या साउंड कार्डातून येत नाही. तो ग्राफिक्स चिपमधून येतो, इंटेल, एएमडी किंवा एन्व्हिडिया, जी असेल ती. एचडीएमआयमध्ये आवाज हा चित्राच्या चौकटींमधल्या मोकळ्या जागांत भरून पाठवला जातो. चित्र नाही तर आवाज नाही. म्हणूनच नुसती गाणी ऐकायची असली तरी विंडोजला रिसीव्हर हा एक पडदा म्हणून दाखवावा लागतो. टीव्ही बंद ठेवून गाणी ऐकणाऱ्यांचा माउस अधूनमधून उजवीकडून गायब होतो, तो याच अदृश्य पडद्यावर फिरत असतो. ‘एक्स्टेंड’ऐवजी ‘डुप्लिकेट’ केलं की हा ताप जातो.

जोडणी होताच रिसीव्हर आपली कुंडली लॅपटॉपला कळवतो: मला किती चॅनेल चालतात, कोणते वेग चालतात, कोणते डबे उघडता येतात. रिसीव्हर बंद असताना ही कुंडली अपुरी किंवा टीव्हीची जाते, आणि टीव्ही सहसा म्हणतो, मला दोनच चॅनेल चालतात. त्यामुळे आधी टीव्ही, मग रिसीव्हर आणि शेवटी लॅपटॉप, या क्रमाने चालू करायची सवय लावून घ्यावी. याने सगळं सुटतं असं नाही, पण पुष्कळ सुटतं.

आता सेटिंग. विंडोज १० असो की ११, रनमध्ये जाऊन ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप केलं की जुनी साउंडची खिडकी उघडते. नव्या रंगीत सेटिंगपेक्षा हीच कामाची. तिच्यात रिसीव्हरचं नाव असलेलं एचडीएमआय उपकरण निवडायचं आणि ‘कॉन्फिगर’ दाबायचं. यादीत स्टिरिओ, ५.१, ७.१ असे पर्याय दिसतात. ५.१ निवडून ‘टेस्ट’ दाबलं की एकेका स्पीकरमधून टिंग असा आवाज फिरत जातो. मधल्याची टिंग मधूनच आणि मागच्या डाव्याची मागच्या डाव्यातूनच आली, तर विंडोजपासून स्पीकरपर्यंतची वाट मोकळी आहे. यादीत स्टिरिओशिवाय काहीच दिसत नसेल तर गडबड कुंडलीत आहे, प्लेयरमध्ये डोकं घालू नका.

कॉन्फिगर केलेलं नसतं तेव्हा काय होतं? मधला चॅनेल थोडा हळू करून डाव्या-उजव्यात मिसळला जातो, सराउंडही तसेच मिसळले जातात, आणि ‘.१’ बहुतेक वेळा सरळ टाकून दिला जातो. परिणामी गाणं पूर्ण वाटतं, गायकही ऐकू येतो आणि शंका कुणालाच येत नाही.

दुसरी अडचण वाटणीची. विंडोज एरवी सगळ्या ॲपचे आवाज एकत्र कालवून एकाच ठरलेल्या वेगाने बाहेर पाठवतं. खिडकीत ४८ किलोहर्ट्झ लिहिलेलं असेल तर तुमची ९६ ची फाइलही ४८ होऊन जाते, आणि मधेच व्हॉट्सॲपचं टिंग त्यात मिसळतं. यावर उपाय म्हणजे ‘एक्सक्लुझिव्ह’ मोड. यात प्लेयर ते उपकरण स्वतःसाठी अडवून ठेवतो आणि फाइलमधले आकडे न बदलता पाठवतो. फूबार २००० मध्ये प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट इथे रिसीव्हरच्या नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला पर्याय दिसतो, तो निवडायचा. जेरिव्हर आणि कोडी या प्लेयरमध्येही अशीच सोय आहे.

वेगात झालेला बदल तुमच्या कानाला कळेल असा दावा मी करणार नाही. एक्सक्लुझिव्ह मला आवडतं ते वेगळ्या कारणाने. तो खरं बोलतो. रिसीव्हरला एखादा प्रकार चालत नसेल तर गुपचूप दोन चॅनेल करण्याऐवजी प्लेयर थांबतो आणि प्रकार चालत नाही अशी पाटी दाखवतो. इतर वेळी एरर आली की आपण वैतागतो. इथे ती आली तर निदान चूक कुठे आहे ते समजतं.

आकडे खरंच अबाधित जातायत का, हे पडताळायची एक जुनी युक्ती आहे, डीटीएस सीडी. नव्वदच्या दशकात काही सीडींवर नेहमीच्या गाण्याच्या जागी डीटीएसचा ५.१ ऐवज भरलेला असायचा. संगणकाला ती सीडी, किंवा तिच्यावरून काढलेली डब्ल्यूएव्ही फाइल, साध्या स्टिरिओसारखीच दिसते. तशी वाजवली तर गाणं येत नाही, पावसाळ्यात जुना टीव्ही चॅनेल गेल्यावर खरखरायचा तसा एकसारखा फसफसाट येतो. पण तेच आकडे एकही न बदलता रिसीव्हरपर्यंत गेले तर तो आतला डीटीएस ओळखतो, पट्टीवर ‘डीटीएस’ उमटतं आणि पाच बाजूंनी गाणं सुरू होतं. प्लेयरचा आवाज १०० वरून ९९ केला तरी आकडे बदलतात आणि फसफसाट परत. हा प्रयोग करताना रिसीव्हरचा आवाज आधी अगदी बारीक करा, तो फसफसाट पूर्ण जोरात सुटतो आणि ट्वीटरला, म्हणजे स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या छोट्या भागाला, सोसत नाही.

मॅकवर हीच कामं ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाच्या ॲपमध्ये होतात. एचडीएमआय निवडून ‘कॉन्फिगर स्पीकर्स’मध्ये मल्टिचॅनेल ठरवायचं आणि ५.१ निवडायचं. लिनक्सवाल्यांना काही सांगायला नकोच. त्यांच्याकडे ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा असते आणि ती प्रत्येक चॅनेलचं नावही बोलून दाखवते.

टीव्हीमधून का जाऊ नये

पुष्कळ घरांत लॅपटॉप टीव्हीला आणि टीव्ही रिसीव्हरला जोडलेला असतो. दिसायला सोपं, पण लॅपटॉपला कुंडली मिळते ती टीव्हीची. आणि टीव्हीतून रिसीव्हरकडे परतणारा आवाज जर २००९ च्या साध्या एआरसीमधून, म्हणजे एचडीएमआयमधल्या आवाजाच्या परतीच्या वाटेने, जात असेल, तर त्याची ताकद ऑप्टिकलइतकीच. दोन चॅनेलचं पीसीएम किंवा दाबलेलं डॉल्बी जातं, सहा चॅनेलचं पीसीएम नाही. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ईएआरसीने ही मर्यादा उठवली. त्यातून आठ चॅनेलचं पीसीएम जाऊ शकतं. तरीही टीव्ही ते आत घेऊन पुढे पाठवतो की नाही हे त्या-त्या टीव्हीवर आहे. लॅपटॉपची तार रिसीव्हरच्या इनपुटमध्ये आणि रिसीव्हरच्या आउटपुटमधून दुसरी टीव्हीला, हीच सरळ वाट.

‘सगळे स्पीकर वाजतायत, मग झालं ना?’

नाही. रिसीव्हरमध्ये ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ नावाचा मोड असतो. तो दोन चॅनेल सगळ्या स्पीकरांना वाटतो. ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘डीटीएस न्यूरल:एक्स’ दोन चॅनेलमधून अंदाजाने सराउंड काढतात, आणि बऱ्यापैकी काढतात. म्हणून स्पीकर मोजून काही कळत नाही. रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ दाबलं की रिसीव्हर दोन वेगळ्या गोष्टी दाखवतो: आत काय आलं आणि बाहेर काय चाललंय. बघायचं ते आत काय आलं. तिथे ‘२.०’ असेल तर बाहेर सात स्पीकर वाजत असले तरी फाइल अर्ध्या वाटेत मुडपली गेली आहे.

आत सहा चॅनेल येऊनही ते भलत्याच स्पीकरमधून वाजू शकतात, कारण चॅनेल कोणत्या क्रमाने लिहायचे यावर सगळ्या फॉरमॅटचं एकमत नाही. फ्लॅकमध्ये डावा, उजवा, मधला, ‘.१’ आणि मग सराउंड. एएसीमध्ये मधला सर्वांत आधी. सिनेमाच्या स्टुडिओत डावा, मधला, उजवा असा वेगळाच क्रम चालतो. चांगला प्लेयर हे सगळं जुळवून घेतो. सहा सुट्या फाइली हाताने जोडून कुणी फ्लॅक केली असेल तर मात्र गायक उजव्या कोपऱ्यात आणि टाळ्या समोर, असा प्रकार होतो. प्रत्येक स्पीकरचं नाव बोलणारी चाचणी-फाइल एकदा वाजवून बघा.

सात स्पीकर असलेल्यांची अडचण आणखी वेगळी. ५.१ मधले सराउंड ‘बाजूचे’ की ‘मागचे’ यावरही विंडोजच्या जगात दोन तऱ्हा आहेत. विंडोजला ७.१ सांगून ठेवलं तर ५.१ फ्लॅकचे सराउंड बऱ्याचदा पार मागच्या जोडीतून येतात आणि बाजूची जोडी गप्प बसते. अशा वेळी विंडोजमध्ये ५.१ च ठेवायचं आणि सातांवर पसरायचं काम रिसीव्हरकडे सोपवायचं.

वूफरचं गणित

‘.१’ म्हणजे सबवूफर, हा समज इतका पक्का आहे की त्यावरून लोक सेटिंग बिघडवतात. ‘.१’ हा फाइलमधला चॅनेल आहे, सबवूफर ही घरातली पेटी आहे. अनेक शास्त्रीय ध्वनिमुद्रणांत ‘.१’ रिकामा असतो किंवा नसतोच. त्यांना ५.० म्हणतात. तरी तुमची पेटी घुमते, कारण छोट्या स्पीकरांना न झेपणारे खालचे सूर रिसीव्हर काढून तिच्याकडे वळवतो. हे व्हावं म्हणून रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ ठेवायचे आणि सीमा ८० हर्ट्झच्या आसपास. ‘स्मॉल’ हा शब्द अनेकांना लागतो, महागडे उभे स्पीकर घेतलेल्यांना तर फारच. तो अपमान नाही, खालच्या सुरांची नुसती वाटणी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘.१’ फाइलमध्ये मुद्दाम हळू लिहिलेला असतो आणि वाजवताना तो १० डेसिबलने वर आणायचा असतो. एचडीएमआयवरून आलेल्या सहा चॅनेलसाठी रिसीव्हर ते स्वतः करतो. संगणकातही कुणी ‘बास वाढवा’ची टिचकी मारून ठेवली असेल तर तो दोनदा वाढतो आणि खिडक्यांच्या काचा बोलायला लागतात.

स्पीकरांची अंतरं मात्र रिसीव्हरमध्येच भरा, प्लेयरमध्ये नकोत. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. मागचा स्पीकर डोक्यापासून हातभरावर आणि समोरचा तीन मीटरवर असेल तर मागचा रिसीव्हरला थोपवून धरावा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे हे आपल्याकडे जरा जास्तच लागू होतं.

‘पेनड्राइव्ह थेट रिसीव्हरला लावला तर?’

करून बघायला हरकत नाही, पण पुष्कळ रिसीव्हर यूएसबीवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून फ्लॅक घेतात ते दोन चॅनेलचंच. सहा चॅनेलची फाइल दिली तर काही ती घेतच नाहीत. एचडीएमआयवरून सहा चॅनेल येणं आणि रिसीव्हरने स्वतः सहा चॅनेलची फाइल वाचणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पुस्तिकेत फ्लॅकपुढे ‘२ चॅनेल’ लिहिलंय का ते बघा. यूएसबी डॅकचंही (संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणाचंही) तसंच, बहुतेक डॅक स्टिरिओ असतात.

‘आणि ॲटमॉस?’

इथे मात्र डबा बंदच ठेवावा लागतो. ॲटमॉसमध्ये ठरलेल्या चॅनेलसोबत काही आवाज सुटे असतात आणि त्यांच्याबरोबर ‘हा आवाज खोलीत या जागी’ अशी सूचना असते. त्या सूचना वाचून तुमच्या घरच्या स्पीकरांप्रमाणे वाटणी करायचं काम रिसीव्हर करतो. संगणकाने डबा उघडून साधं पीसीएम केलं की सूचना गळून पडतात आणि हाती ५.१ किंवा ७.१ उरतं. म्हणून ॲटमॉसच्या फाइलसाठी कोडीसारख्या प्लेयरमध्ये ‘पासथ्रू’, म्हणजे डबा न उघडता पुढे पाठवणारं सेटिंग, चालू करायचं. तेव्हा पट्टीवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ दिसायला हवं. ॲटमॉसची फाइल फ्लॅकमध्ये बदलून जपून ठेवणाऱ्यांनी मूळ फाइल पुसू नये.

‘जुनी गाणी ५.१ फ्लॅकमध्ये मिळतात, ती?’

साठच्या दशकातलं बहुतेक मराठी-हिंदी सिनेसंगीत मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलमध्ये ध्वनिमुद्रित झालं. त्याची ‘५.१ फ्लॅक’ म्हणून फिरणारी फाइल ही कुणीतरी सॉफ्टवेअरमधून पसरवलेली असते. मधला चॅनेल सोडून बाकी सगळे स्पीकर रिसीव्हरमधून बंद करून ती ऐका, आणि मग फक्त सराउंड ऐका. सराउंडमध्ये तेच गाणं जरा पातळ आणि घुमटात गायल्यासारखं येत असेल तर ती बनवाबनवी. मोनो गाणं मला मोनोतच, समोरच्या दोन स्पीकरांतून बरं वाटतं.

पहिला सूर खाल्ला जातो

सगळं जमल्यावरही एक खोड उरते. ९६ किलोहर्ट्झच्या गाण्यानंतर ४४.१ चं लागलं किंवा सहा चॅनेलनंतर दोनचं आलं, की रिसीव्हर क्षणभर गप्प होतो, नव्या वेगाशी जुळवून घेतो आणि मग बोलतो. तेवढ्यात गाण्याचा पहिला ठोका निघून गेलेला असतो. हा बिघाड नाही, दुरुस्तीला नेऊ नका. एकाच वेगाच्या फाइलींची यादी एकत्र लावायची, किंवा कोडीसारख्या प्लेयरमधलं गाण्यांच्या मधेही आवाजाची वाट उघडी ठेवणारं सेटिंग चालू करायचं. आणि आलापाने सुरू होणारी फाइल यादीत पहिली ठेवायची नाही.